साडेअकरा मिनिटांवरची धमनखेडी

त्या शनिवारी प्रशीलला चार धक्के बसले. पहिला एसटीचा होता, एरंडोलच्या पुढे एका गतिरोधकावर. तो मोजला नाही तरी चालेल. बाकीचे तीन मात्र असे होते की चौथ्यानंतर तो बराच वेळ स्वतःच्या डाव्या पायाकडे बघत बसला होता, आणि त्याची बायको सविता त्याच्याकडे.

प्रशील जळगावात एका जिनिंगमध्ये कापसाचा ग्रेडर होता. शेतकऱ्याची गाडी आली की कापूस बघायचा, ओल मोजायची, दर्जा ठरवायचा. काम शिकवलं भटूनानांनी. नानांचा पहिला धडा असा, की गाडीतला वरचा कापूस हा पाहुण्यांसाठी असतो. पांढराशुभ्र, कोरडा, लग्नातल्या नवऱ्यासारखा. खरा कापूस खाली असतो आणि तो पाणी पिऊन बसलेला असतो. "वरलं दखीसन बठ्ठं जग फसस," नाना म्हणायचे. "हात कोपरलगून घाल, मंग तोंड उघाड." आठ वर्षांत प्रशीलने एकदाही हात कोपरापर्यंत न घालता तोंड उघडलं नव्हतं. जिनिंगमध्ये त्याला कुणी फसवू शकत नसे.

फोनमध्ये मात्र हात कोपरापर्यंत जात नाही. अंगठाच जातो.

गोष्ट घराची होती. सविता धुळ्याला एका दवाखान्यात नर्स. राहायची नर्सेसच्या वसतिगृहात, जिथे नवऱ्याला फाटकाच्या आत घेत नसत. चार वर्षं त्यांचा संसार त्या फाटकावर चालला होता. दर शनिवारी सकाळी प्रशील जळगावहून एसटीने निघायचा, सविता फाटकाबाहेर यायची, दोघं दिवसभर धुळं फिरायचे आणि संध्याकाळी तो परत. लग्नाच्या दुसऱ्या वाढदिवसाला वॉचमनने दोघांना चहा पाजला होता, कारण एवढ्या नियमाने त्याच्या घरचेही कधी आले नव्हते.

खोली भाड्याने का घेत नव्हते? कारण प्रशीलची आई. केसरबाईंचं म्हणणं होतं की भाड्यात गेलेला पैसा आणि केळीचं खोड सारखंच. दिसायला जाडजूड, पण त्यातून पाटसुद्धा निघत नाही. त्यांनी भडगावचं आपलं दोन खोल्यांचं घर विकलं, पैसे मुलाच्या हाती दिले आणि सांगितलं, "स्वतःच्या जागेतच राहायचं. तुम्ही दोघं, आणि मी. नाहीतर मी इथे भावाकडेच बरी." धुळ्याच्या एका जिनिंगने प्रशीलला दसऱ्यापासून यायला सांगितलं होतं. म्हणजे नोकरी होती, पैसे होते, बायको तर होतीच. जागा तेवढी नव्हती.

मग प्रशीलने महिनाभर फोनवर अभ्यास केला आणि जागा सापडली. धमनखेडी. नाव कुठेतरी ऐकल्यासारखं वाटत होतं. त्याचा अर्थ त्याने असा काढला, की गाव प्रसिद्ध असणार.

"सात ठिकाणी आहे," धुळ्याच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या तो सविताला म्हणाला. "तीन वेबसाइट, दोन चॅनल, एक त्या प्लॉट सल्ल्याच्या ग्रुपमधला मोठा लेख. आणि फोनमधल्या त्या सर्वज्ञाला विचारलं, तोही तेच म्हणतो. अनेक विश्वसनीय स्रोतांनुसार, असं म्हणतो."

"काय म्हणतो?"

"धुळे स्टँडपासून साडेअकरा मिनिटं. पाणी गोड. रिंगरोड येतोय. वारा भरपूर. आणि हे बघ," त्याने वाचून दाखवलं, "'येथील पाण्याचा स्थानिक पशुधनाच्या आरोग्यावर ठळक परिणाम दिसून आला आहे.' एवढं खोलात कोण जातं आजकाल?"

"सातबारा बघितला?"

"सातबारा एकटा तलाठी लिहितो," प्रशील म्हणाला. "हे सात जणांनी लिहिलंय."

सविताने विषय सोडून दिला. चार वर्षं आठवड्यातून एकदाच भेटणारी माणसं भांडणात वेळ घालवत नाहीत.

"आणि साडेअकरा बघ ना," तो पुढे म्हणाला. "नुसता अंदाज असता तर कुणी दहा लिहिलं असतं, कुणी पंधरा. सातही जण साडेअकराच म्हणतात. म्हणजे कुणीतरी मोजलंय."

इतक्यात शाहबाज गाडी घेऊन आला. तो प्लॉटची दलाली करायचा आणि गाडीचा मागचा दरवाजा आतून उघडत नसल्यामुळे प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतः उतरून दार उघडून द्यायचा. लोकांना ते अदबीचं वाटायचं. "या प्रशीलभाऊ, या भाभी. जागा बघाल तर तिथेच तंबू ठोकाल."

प्रशीलच्या खिशात इसाराचा चेक होता, दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळलेला. त्यावर त्याने घरूनच सही केली होती. त्याने फोनमधलं घड्याळ चालू केलं.

साडेअकरा मिनिटांनी ते पेट्रोलपंपावर हवा भरत होते.

"ट्रॅफिक," शाहबाज म्हणाला.

बावीस मिनिटांनी ते डांबरी रस्ता सोडून कच्च्या रस्त्याला लागले. चौतीस मिनिटांनी शाहबाजने उतरून एका मेंढपाळाला रस्ता विचारला. एक्केचाळीस मिनिटांनी मेंढ्यांनी रस्ता दिला. त्रेपन्नाव्या मिनिटाला गाडी थांबली आणि प्रशीलला दुसरा धक्का बसला.

समोर एक लांबलचक, पिवळं पडलेलं माळरान होतं. त्यात चुन्याने रंगवलेले दगड रांगेत पुरले होते, जसे काही गावातले सगळे दात इथे आणून लावलेत. मध्ये पाटी: 'रिंगरोड टच प्लॉट'. पाटीला टच झालेली एक शेळी सोडली तर तिथे काहीच नव्हतं. रिंगरोड नव्हता, साधा रोडही नव्हता. आणि कडेला पत्र्याची एक टपरी होती. तिच्यावर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'साडेअकरा टी सेंटर'.

प्रशीलने ते नाव तीनदा वाचलं.

"हे नाव असं का?" त्याने टपरीवाल्याला विचारलं. टपरीवाल्याचं नाव वना. तो स्टोव्हला पिन मारत होता.

"गावाचं नाव झालंय ना त्याच्यावरून," वना म्हणाला. "लांबलांबून लोक येतात, येताना घड्याळ बघत येतात. उतरले की पहिले माझ्याकडेच येतात. घसा कोरडा पडलेला असतो."

"तुम्हाला धुळ्याला जायला किती वेळ लागतो?"

"मला? मला तासभर. पण माझी मोटरसायकल जुनी आहे."

प्रशीलने पाणी मागितलं. वनाने दिलं. ते गोड नव्हतं. ते असं होतं की भात शिजवताना मीठ वाचावं.

"खारं आहे," सविता म्हणाली.

"हो, म्हणून तर मी चहात साखर डबल टाकतो," वना म्हणाला. "गिऱ्हाईक म्हणतं, बघा, पाण्याचा गोडवा."

शाहबाज पुढे आला. तो खजील वगैरे मुळीच झाला नव्हता. "भाऊ, मी खोटं बोलणारा माणूस नाही. कागद स्वच्छ आहेत, सातबारा दाखवतो. आणि मी काय लोकांनाच विकतो का? माझे स्वतःचे दोन आहेत इथे. ते कोपऱ्यातले. एक अम्मीच्या नावावर."

"तुम्ही कशावरून घेतले?"

"सात ठिकाणी वाचलं," शाहबाज म्हणाला.

प्रशील टपरीच्या बाकड्यावर बसला. माळावर वारा सुटला होता. निदान वाऱ्याबद्दल लिहिलेलं खरं होतं. त्याने भटूनानांना फोन लावला, कारण आठ वर्षांत अडचणीत त्याने दुसऱ्या कुणाला फोन लावला नव्हता.

"नाना, इथं सात ठिकाणी साडेअकरा लिहिलंय आणि लागले त्रेपन्न."

"काय सात ठिकाणे?"

"सात वेगवेगळ्या लोकांनी. सगळ्यांचा आकडा एकच."

पलीकडे नाना थोडा वेळ पान चघळत होते. मग म्हणाले, "मागला सालले, दिवाळीना मव्हरे, आपली जिनिंगमा सात गाड्या उन्यात. साती गाड्यास्नी ओल तू मीटरवर मोजी. कितली निंघनी?"

"साडेबारा. सातही गाड्यांची साडेबारा."

"मंग तू काय म्हनना व्हता? कापूस भारी शे म्हनना व्हता का?"

प्रशीलला आठवलं. तो म्हणाला होता की सात गावचे सात कापूस, कुणाचा रात्री भरलेला, कुणाचा ओसरीत आठ दिवस पडलेला. सगळ्यांची ओल एकसारखी निघूच शकत नाही. मीटरचा काटा अडकलाय.

"मीटर बंद आहे म्हणालो होतो," तो बारीक आवाजात म्हणाला.

"मंग?" नाना म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला. शिकवणी फुकट होती, पण फोनचं बिल नानांना अजूनही मिनिटावर येतं असं वाटायचं.

हा तिसरा धक्का. तो बसलेला कुणाला दिसला नाही, कारण प्रशील आधीच बसलेला होता.

"म्हणजे सात जण नाहीतच," तो सविताला म्हणाला. "एकच आहे. एकाने लिहिलं, सहांनी उचललं. तो एक कोण ते शोधलं पाहिजे. बनेल माणूस असणार. त्याच्या आई-बापाला..."

"आधी शोधू," सविता म्हणाली. "आई-बापाचं नंतर."

तिने फोन घेतला. नर्स होती, रोग कुणाकडून कुणाला लागला हे शोधायची तिला सवय होती. फोनमधल्या सर्वज्ञाने तीन वेबसाइटची नावं सांगितली होती. तिन्ही वेबसाइटवरचा मजकूर सारखा होता, फक्त एकीने 'पाणी'ऐवजी 'जलस्रोत' लिहिलं होतं. सगळ्यात जुन्या वेबसाइटने आधार दिला होता एका चॅनलचा. त्या चॅनलवरचा माणूस सूट घालून 'आमच्या सखोल पाहणीनुसार' म्हणत होता, आणि त्याच्यामागे दिसणारं धमनखेडीचं चित्र नारळाच्या झाडांचं होतं. दुसऱ्या चॅनलने पहिल्याचं चित्र उचलताना नारळ वाढवले होते. पहिल्या चॅनलच्या खाली बारीक अक्षरांत होतं, 'संदर्भ: प्लॉट सल्ला ग्रुप'. ग्रुपमधल्या मोठ्या लेखाखाली लिहिलं होतं, 'आपल्या ग्रुपचे ज्येष्ठ अभ्यासक खान्देशी वादळ यांच्या मूळ नोंदीवर आधारित'.

"खान्देशी वादळ," प्रशील दात खात म्हणाला. "नावच बघ. असल्या माणसाला धरून..."

सविताने मूळ नोंद उघडली. तीन वर्षांपूर्वीची. कुणीतरी विचारलं होतं, धुळ्याजवळ जागा घ्यायला कुठलं गाव चांगलं? खाली वादळाचं उत्तर:

'धमनखेडी घ्या डोळे मिटून. स्टँडपासून साडेअकरा मिनिटं. पाणी एवढं गोड की म्हशींना शुगर झाली आहे. रिंगरोड येतोय, तो धमनखेडीला विचारूनच वळणार. वारा फुकट.'

"म्हशींना शुगर," सविता म्हणाली. "हेच ते पशुधनाच्या आरोग्यावर ठळक परिणाम."

मग तिने वादळाच्या नावाशेजारचा गोल फोटो बोटांनी मोठा केला. फोटोत माणूस नव्हता. एसटीच्या समोरच्या सीटला टेकवलेला एक डावा पाय होता. पायात चप्पल. चपलेच्या अंगठ्याजवळ लाल दोऱ्याने घातलेली शिवण.

सविता बराच वेळ फोटोकडे बघत राहिली. मग तिने खाली वाकून बाकड्याखाली पाहिलं. मग परत फोटोकडे.

"अहो," ती म्हणाली, "ही चप्पल मी घेतलेली आहे. पारोळ्याच्या चांभाराकडे काळा दोरा संपला होता म्हणून त्याने लाल घातला होता. तुम्हीच सांगितलं होतं."

प्रशीलने खाली पाहिलं. लाल शिवण होती. हा चौथा धक्का.

आता त्याला सगळं आठवू लागलं, आणि तेही एका दमात नाही, तर नको असलेल्या पाहुण्यासारखं, एकेक पिशवी आत आणत. तीन वर्षांपूर्वी पारोळ्याजवळ एसटीचं चाक बसलं होतं. तो शनिवार होता, सविता फाटकावर वाट बघत होती आणि धुळे या शहराचा त्याला मनापासून राग आला होता. फोनवर कुणीतरी धुळ्याजवळ जागा सुचवा म्हणत होतं. समोरच्या बाबाच्या दुधाच्या कॅनवर रंगाने लिहिलं होतं 'धमनखेडी'. एसटीतल्या घड्याळात साडेअकरा वाजले होते. ते घड्याळ बंद होतं, त्यात नेहमी साडेअकराच वाजलेले असत. त्याने लिहून टाकलं, स्वतःच हसला, चाक बदललं, गाडी निघाली. महिन्याभरात तो फोन गेला, त्याबरोबर पासवर्ड गेला आणि वादळही विस्मरणात गेलं.

म्हणजे महिनाभर प्रशील स्वतःचाच सल्ला घेत होता. स्वतःवर एवढा विश्वास त्याने जागेपणी कधीच ठेवला नव्हता. भडगावचं घर तर आधीच विकलं गेलं होतं. तासाभरात त्याचे पैसेही या दातांच्या रांगेत पुरले गेले असते.

"आई-बापाचं काय म्हणत होता तुम्ही?" सविताने विचारलं.

प्रशीलने खिशातून दुधाची पिशवी काढली, चेक काढला, त्याचे चार तुकडे केले आणि ते परत पिशवीत ठेवले. मग तो उठून शाहबाजसमोर उभा राहिला. हे चेक फाडण्यापेक्षा अवघड होतं.

"शाहबाजभाऊ, ते वादळ मी आहे."

"कुठलं वादळ?"

"खान्देशी. ते साडेअकरा मिनिटं, गोड पाणी, रिंगरोड, सगळं मी लिहिलंय. टाइमपास म्हणून. मी हे गाव आज पहिल्यांदा बघतोय."

शाहबाजचा चेहरा उतरला. तो आपल्या कोपऱ्यातल्या दोन प्लॉटकडे बघत राहिला. वनाने स्टोव्ह बंद केला. शेळीनेही पाटीला अंग घासणं थांबवलं. प्रशीलला वाटलं, आता कानाखाली बसणार, आणि ती बसायलाच हवी.

शाहबाज जवळ आला. त्याने आवाज खाली आणला.

"भाऊ," तो म्हणाला, "तुम्हीच लिहिलंय म्हणता. मग तुम्हाला तर पक्कं माहीत असणार. रिंगरोड कधी येणार?"

"अहो, रिंगरोड नाहीच आहे! मी मनाने लिहिलं!"

"ते समजलं. पण अंदाजे?"

शाहबाजला समजायला धुळ्यापर्यंतचा रस्ता लागला. त्रेपन्न मिनिटं हा काही कमी वेळ नाही. शहरात शिरताना तो एकदम म्हणाला, "अम्मीला काय सांगू मी? तिच्या बांगड्यांचे पैसे आहेत त्यात." आणि गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन तो स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसला. मागे दोघं बसूनच राहिले. उतरून जायचं म्हटलं तरी जाता आलं नसतं. दार आतून उघडत नव्हतं.

"मी सांगतो त्यांना," प्रशील म्हणाला.

त्याआधी त्याने गाडीतूनच ग्रुपवर स्वतःच्या नावाने लिहिलं, 'धमनखेडीची मूळ माहिती मी बनवली होती. साडेअकरा नव्हे, त्रेपन्न मिनिटं. पाणी खारं. रिंगरोड नाही. कृपया कुणी विश्वास ठेवू नये.' ग्रुपमध्ये अडतीस हजार माणसं होती. पहिलं उत्तर लगेच आलं: 'तुम्ही कोण? सात ठिकाणी लिहिलेलं खोटं का?' दुसरं: 'वादळसाहेबांसारख्या अभ्यासू माणसाचं नाव घेऊन प्रसिद्धी मिळवू नका.' तिसरं: 'जळगावचा दिसतो. धुळ्याचं चांगलं बघवत नाही.' गाडी शाहबाजच्या घरापाशी पोचेपर्यंत ग्रुपचालकांनी त्याची नोंद काढून टाकली होती. कारण दिलं होतं: 'अप्रमाणित माहिती'. सविताने फोनमधल्या सर्वज्ञाला पुन्हा एकदा विचारलं. तो म्हणाला, साडेअकरा मिनिटं.

शाहबाजची आई हसीनाबी दारात मिरच्या निवडत होती. प्रशीलने तिच्यासमोर उभं राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, म्हशींसकट. चपलेचंही सांगितलं. शाहबाज भिंतीकडे तोंड करून उभा होता.

हसीनाबीने एक मिरची मोडली. "म्हणजे रोड येणार नाही?"

"नाही, मावशी. चूक माझी आहे."

"बरं झालं," हसीनाबी म्हणाली. "मी ती जागा शेळ्यांसाठी घेतलीय. रोड आला असता तर शेळ्या कुठे नेल्या असत्या? हाच मुलगा रोज घाबरवायचा मला, अम्मी रोड येणार, रोड येणार." तिने शाहबाजकडे बघितलं. "आणि तू कुणाचंही वाचून स्वतःसाठी घेतलंस, आता तिथे तूही शेळ्या पाळ. लोकांना विकायचं बंद." मग ती प्रशीलकडे वळली. "तुला घर कशाला हवंय, बेटा?"

प्रशीलने फाटकाची गोष्ट सांगितली. सांगताना त्याचा आवाज थोडा घसरला, म्हणून उरलेली सविताने सांगितली.

हसीनाबीने मान वर करून जिन्याकडे पाहिलं. "वर दोन खोल्या रिकाम्या आहेत. भाड्याने देते. अंगण खालचंच वापरायचं."

प्रशील जिना चढू लागला, पण सविता चढली नाही. ती गल्लीत गेली. पदर खोचून ती पहिल्या दारात उभी राहिली आणि विचारलं, "ताई, इथे पाणी किती वाजता येतं?"

"पाणी? रोज सकाळी सहाला," हसीनाबी मागून ओरडली.

"रोज कुठलं!" समोरच्या दारातून कुंदाबाई नावाच्या बाई बाहेर आल्या. "दिवसाआड येतं. तुम्ही झोपलेल्या असता म्हणून तुम्हाला रोजच आल्यासारखं वाटतं."

"दिवसाआडही नाही," तिसऱ्या दारातून आवाज आला. "कुंदाबाईंकडे दिवसाआड येतं, त्यांनी नळाला मोटर लावलीय. आमच्याकडे चौथ्या दिवशी."

"मोटर? कुणाच्या नळाला मोटर?"

गल्लीत भांडण पेटलं आणि हसीनाबीच्या अंगणात आलं. प्रशील जिन्यात उभा राहून ऐकत होता आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्याचा जीव खाली येत होता. तिघींचे तीन आकडे होते. काटा हलत होता.

त्याने जिन्यातूनच केसरबाईंना फोन लावला. "आई, भाड्याची जागा आहे. दोन खोल्या."

केसरबाईंनी आवाज चढवला. "भाड्याची? आणि पैसे?"

"सगळे आहेत. एक चेक फाटलाय, तेवढंच."

"केळीचं खोड," केसरबाई म्हणाल्या. मग खालचा आवाज त्यांच्या कानावर गेला. "हे भांडण कुठे चाललंय?"

"खाली. पाण्यावरून."

"अंगण आहे?"

"आहे. त्यातच चाललंय."

केसरबाई थोडा वेळ फोनवरून भांडण ऐकत राहिल्या. "त्या मोटरवालीचंच चुकतंय," त्या म्हणाल्या. "मी सोमवारी येते. स्टँडपासून किती लांब आहे?"

प्रशीलने तोंड उघडलं आणि मिटलं. त्याने खाली वाकून विचारलं. शाहबाज म्हणाला, पाच मिनिटं. सविता म्हणाली, वीस तरी. हसीनाबी म्हणाली, ती एकदा पायी गेली होती तेव्हा अर्धा दिवस लागला होता, पण मध्ये बहिणीचं घर होतं.

"आई," प्रशील म्हणाला, "तू ये. मी स्टँडवर घ्यायला येतो. येताना आपण मोजू."